अंगठा, तुलना आणि उलटतपासणी : ‘काठी कालू ओघड’ निर्णयाचा फेरविचार

महाराष्ट्रात मालेगाव म्हटले की ऐकणाऱ्याचे मन नाशिक जिल्ह्याकडे धावते. वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे मालेगाव सांगावयाचे असेल तर ‘मालेगाव जहांगीर’ असे म्हणावे लागते, किंवा जिल्ह्याचे नाव जोडावे लागते. केवळ नाव हे ओळखीचे साधन म्हणून किती अपुरे आहे, ह्याचे हे घरगुती उदाहरण होय. माणसांच्या बाबतीत हा अपुरेपणा भरून काढण्यासाठी कायद्याने शरीराकडे धाव घेतली: प्रथम अंगठ्याकडे, मग दहाही बोटांकडे, आता डोळ्यांकडे आणि चेहऱ्याकडे. ह्या प्रवासात ‘शरीराची खूण घेता येईल काय’ ह्या प्रश्नाचा आपल्या न्यायालयांनी पुष्कळ ऊहापोह केला. ‘घेतलेली खूण दुसऱ्या खुणेशी जुळते असे जो म्हणतो, त्याचे म्हणणे कितपत खरे मानावे’ हा प्रश्न मात्र जवळजवळ अस्पर्श राहिला. प्रस्तुत लेखात ह्या उपेक्षेचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या एका गाजलेल्या निर्णयात शोधण्याचा यत्न केला आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. जुन्या मराठी कागदपत्रांत पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करीत असे. ती निशाणी व्यक्तीची नव्हती, वतनाची होती. त्याच गावचा पुढला पाटीलही तोच नांगर काढी. कागद खरा ठरे तो कुलकर्ण्याचे अक्षर, साक्षीदारांची नावे आणि गावाची आठवण ह्यांच्या मेळाने. ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ हे शब्द दस्तांत आले तेव्हा हा मेळ अनावश्यक ठरला असे नाही, पण त्याचे महत्त्व उतरणीस लागले. बंगालमध्ये विल्यम हर्शेल ह्या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ साली एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. त्यात शास्त्र काही नव्हते. सही नाकारण्याचा विचार त्या ठेकेदाराच्या मनात येऊ नये, एवढा धाक बसविणे हाच हेतू होता, असे हर्शेलनेच पुढे नमूद केले आहे. शास्त्र मागाहून आले. फ्रान्सिस गॅल्टनचा ग्रंथ १८९२ चा. कलकत्त्याचे अंगुलीमुद्रा केंद्र १८९७ चे. तेथील वर्गीकरणाची खरी मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्यांची, आणि नाव मात्र एडवर्ड हेन्रीचे झाले, हे जाता जाता सांगून ठेवावयास हवे. १८९९ मध्ये भारतीय पुरावा अधिनियमाच्या ४५ व्या कलमात बोटांच्या ठशांविषयीच्या तज्ज्ञमताला स्थान मिळाले. गॅल्टनच्या ग्रंथापासून ह्या दुरुस्तीपर्यंत अवघी सात वर्षे गेली. ह्या घाईत हर्शेलचा तो धाकही शास्त्राच्या सोबतीने न्यायालयात शिरला, असे आम्हांस वाटते.

आता मुख्य निर्णयाकडे वळू. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ हा निर्णय ४ ऑगस्ट १९६१ रोजी देण्यात आला. आरोपी सौराष्ट्रातील, म्हणजे तत्कालीन द्विभाषिक मुंबई राज्याच्या हद्दीतील होता. निर्णय झाला त्या दिवशी फिर्यादी असलेले ते राज्य अस्तित्वात उरले नव्हते, कारण १ मे १९६० रोजी त्याची दोन राज्ये झाली होती. अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले होते. सरन्यायाधीश सिन्हा ह्यांच्यासमवेत त्यात न्या. गजेंद्रगडकर आणि वऱ्हाडशी नाते असलेले न्या. मुधोळकर हेही होते. मूळ खटल्यात पोलिसांनी आरोपीकडून घेतलेल्या हस्ताक्षराच्या नमुन्यांचा वाद होता. त्याबरोबर ऐकल्या गेलेल्या अपिलांमुळे बोटांच्या ठशांचाही प्रश्न पुढे आला. संविधानाच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडाने आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मग त्याच्याकडून बळेच ठसा घेणे ही अशी सक्ती आहे काय? १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी ‘साक्षीदार होणे’ म्हणजे ‘पुरावा पुरविणे’ असा व्यापक अर्थ केला होता. तो तसाच ठेवला असता तर पोलीस तपासाचे बरेचसे काम अडले असते.

आठ न्यायाधीशांच्या बहुमताने ह्या पेचातून जो मार्ग काढला तो बुद्धीचा आहे, ह्यात शंका नाही. साक्षीदार होणे म्हणजे स्वतःस ठाऊक असलेली गोष्ट तोंडाने किंवा लेखाने दुसऱ्यास सांगणे, असे त्यांनी म्हटले. ठसा काही सांगत नाही. आरोपीने कितीही मनात आणले तरी बोटावरील रेषांचे मूळ स्वरूप त्याला बदलता येत नाही. म्हणून तो साक्षीच्या कोटीत येत नाही, केवळ एक जड वस्तू ठरतो. न्या. दासगुप्ता, न्या. एस. के. दास आणि न्या. सरकार ह्या तिघांना फलनिष्पत्ती मान्य होती, परंतु कारण मान्य नव्हते. ठसा देणे म्हणजे पुरावा पुरविणेच होय, असे त्यांचे म्हणणे. तथापि तो ठसा एकटा असताना आरोपीला गुन्ह्यात गोवीत नाही; दुसऱ्या एखाद्या ठशाशी त्याची तुलना होऊन दोन्ही एकच असे सिद्ध झाले तरच तो गोवतो.

अध्यापनात बहुमताचाच भाग शिकविला जातो. तिघांचे मत ‘निष्कर्ष तोच’ म्हणून बाजूस पडते. आमच्या मते ह्या निर्णयातील सर्वांत मोलाचा विचार त्या बाजूस पडलेल्या पानांत आहे. बहुमताची दृष्टी बोटावर खिळलेली आहे. तिघांची दृष्टी तुलनेवर गेली आहे. बोट बोलत नाही हे खरेच. पण मग न्यायालयात बोलते कोण? गुन्ह्याच्या जागी सापडलेला अर्धवट, फरफटलेला, धुळीतील ठसा आणि ठाण्यात शाई लावून घेतलेला स्वच्छ ठसा, ह्या दोहोंकडे पाहून ‘हे एकाच बोटाचे’ असे म्हणणारा मनुष्य बोलतो. रेषा अपरिवर्तनीय आहेत, हे बहुमताचे म्हणणे त्या मनुष्याच्या निर्णयाला लागू पडत नाही. त्याची नजर थकते. त्याला आधी काय सांगितले गेले आहे ह्याचा तिच्यावर परिणाम होतो. आणि आता तर त्याच्यापुढे उमेदवारांची यादी यंत्रच मांडून ठेवते. तिघा न्यायाधीशांनीही तुलनेपर्यंत येऊन पाऊल थांबविले. तुलना चुकली तर काय, हे त्यांनी विचारले नाही. त्यांच्यापुढे तो प्रश्न नव्हता, हेही मान्य करावयास हवे; परंतु नंतरच्या न्यायालयांपुढे तो होता.

१९७९ साली जसपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगठ्याचे ठसे ओळखण्याचे शास्त्र हे अचूक शास्त्र असून त्यात चुकीला वा संशयाला जागा नाही, अशा अर्थाचे विधान केले. खालच्या न्यायालयांतील निकालपत्रांतून ते विधान पुढे कितीदा उतरविले गेले असेल ह्याची गणती नाही. विधानामागे कोणतेही मोजमाप दिलेले नाही. हस्ताक्षराच्या तज्ज्ञाकडे आपली न्यायालये नेहमी सावधपणे पाहतात, आणि ठशांच्या तज्ज्ञाकडे आदराने, ह्या भेदाचे मूळ येथे आहे. रेषांचा विन्यास अनन्य असणे वेगळे आणि त्याविषयी माणसाने केलेला निर्णय निर्दोष असणे वेगळे. ह्या दोन गोष्टींची गल्लत एम.ए.च्या विद्यार्थ्याने तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत केली तर आपण त्याचे गुण कापू.

मोजमाप झालेच नाही असे नाही. ते इतरत्र झाले. ११ मार्च २००४ रोजी माद्रिद येथे आगगाड्यांत स्फोट झाले, आणि स्फोटकांच्या पेटीनळ्या असलेल्या पिशवीवर एक ठसा मिळाला. अमेरिकेच्या तपासयंत्रणेच्या संगणकाने त्याच्याशी मिळतेजुळते असे वीस उमेदवार काढून दिले. त्यांतील एक ओरेगॉन राज्यातील वकील. यंत्रणेच्या तीन तज्ज्ञांनी ठसा त्याचाच असे सांगितले, आणि न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही मान डोलावली. स्पेनच्या पोलिसांना ते पटले नव्हते. त्यांनी तो ठसा एका अल्जीरियन इसमाचा असल्याचे दाखवून दिल्यावर वकील सुटला आणि सरकारने क्षमा मागितली. येथे लबाडी कोणी केली नव्हती. कोट्यवधी ठशांच्या साठ्यात शोधले की विलक्षण साम्य असलेला परका ठसा सापडावयाचाच. साठा जितका मोठा तितका तो संभव अधिक. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ साली उपलब्ध प्रयोगांचा धांडोळा घेतला. एका प्रयोगावरून त्यांनी असा अंदाज मांडला की भिन्न बोटांचे ठसे ‘एकच’ ठरविण्याची चूक ३०६ तुलनांत एक इतपत असू शकेल. दुसऱ्या प्रयोगावरून हे प्रमाण १८ त एक इतके वर जाऊ शकेल. ह्या आकड्यांवर वाद आहे, आणि तो असावाही. पण वाद घालावयास आकडा आहे. आपल्याकडे वाद घालावयासही आकडा नाही.

आपल्याकडे आकडा जेथे आहे ते क्षेत्र न्यायालयाच्या बाहेरचे आहे, आणि येथे पुन्हा मालेगावकडे यावे लागते. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी दिला गेला. त्यानंतर स्वस्त धान्य दुकानात ई-पॉस यंत्र आले आणि ‘अंगठा लागत नाही’ हा वाक्प्रयोग वऱ्हाडच्या बोलीत रुळला. ज्या हातांनी सोयाबीनची सोंगणी केली, तुरीच्या पेंढ्या बांधल्या, कापसाच्या बोंडांचे काटे सोसले, त्या हातांवरील रेषा झिजतात; वय झाले की कातडी कोरडी पडून आणखी अस्पष्ट होतात. यंत्र मग म्हणते, हा तो नव्हे. अशा वेळी दुसरे बोट, डोळ्याची बाहुली, भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक असे उपाय योजलेले आहेत, आणि ते कधी चालतात, कधी नाही. आधार खटल्याच्या सुनावणीत २०१८ साली प्राधिकरणानेच देशभरातील अपयशाचे प्रमाण बोटांच्या बाबतीत ६ टक्के आणि डोळ्यांच्या बाबतीत ८.५४ टक्के असे मांडले होते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बहुमताने योजना वैध ठरली, न्या. चंद्रचूड ह्यांनी विरोधी मत लिहिले.

दुकानातील यंत्र आणि अंगुलीमुद्रा केंद्रातील अनुभवी तज्ज्ञ ह्यांची सरसकट बरोबरी करणे अन्यायाचे होईल. दुकानात एकाची एकाशीच तुलना असते, तज्ज्ञाचे काम निराळे असते. पण तत्त्व एकच आहे. कोणत्याही तुलनेत ‘इतके साम्य असले की एकच म्हणावयाचे’ अशी एक रेषा आखावी लागते. ती वर नेली तर खरा मनुष्य नाकारला जातो. खाली आणली तर परका स्वीकारला जातो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणण्याची युक्ती अद्याप कोणास सापडलेली नाही. दुकानातील चूक लगेच कळते, कारण रिकामी पिशवी घेऊन तो मनुष्य तेथेच उभा राहून भांडत असतो. न्यायालयातील चूक कळत नाही, कारण जो आपला ठसा नव्हे असे म्हणतो तो आरोपी असतो, आणि आरोपी तसे म्हणणारच अशी सर्वांची समजूत असते. एखाद्या शेतमजुराचे बोट दुकानात ‘ओळखू येत नाही’ म्हणून परत जावे आणि तेच बोट न्यायालयात ‘अचूक शास्त्रा’चा विषय व्हावे, ही विसंगती आपल्या कायद्याने अजून एका पानावर आणून पाहिलेली नाही.

एकदा तशी संधी आली होती, आणि ती मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे. २०१३ साली वास्को येथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार झाला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. घटनास्थळीच्या ठशांशी ताडून पाहण्यासाठी गोव्यातील सर्व आधारधारकांची माहिती मिळावी, अशी मागणी विभागाने केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये खंडपीठाने, अशी तुलना करण्यास तो साठा तांत्रिकदृष्ट्या समर्थ आहे की नाही हे तज्ज्ञाकडून तपासावे, असा आदेश दिला. तो आदेश आमच्या मते योग्य दिशेचा होता: देता येते काय, ह्याच्या आधी उपयोगाचे आहे काय, हे त्यात विचारले होते. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ मार्च २०१४ रोजी स्थगिती मिळाली, आणि लेखी संमतीवाचून कोणाचीही जैवमाहिती देऊ नये असेही न्यायालयाने बजावले. खाजगीपणाच्या दृष्टीने हा आदेश स्वागतार्हच होता. परंतु त्यामुळे क्षमतेची तपासणी व्हावयाची राहून गेली. प्राधिकरणाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ८.४ कोटी नोंदींच्या साठ्यात दहा बोटे आणि दोन डोळे एकत्र घेऊन शोध केला असताना ०.०५७ टक्के नव्या व्यक्ती चुकीने ‘आधीच नोंदलेल्या’ ठरल्या, असे नमूद होते. दहा हजारांत सहा हे प्रमाण नोंदणीच्या कामाला उत्तम होय. परंतु हा निकाल पूर्ण दहा बोटांचा आणि दोन डोळ्यांचा आहे. खिडकीच्या काचेवरील अर्ध्या बोटावरून त्याच साठ्यात शोधू लागल्यास काय होईल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

ह्या पार्श्वभूमीवर ‘फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२’ वाचावा. योगायोग असा की तोही ४ ऑगस्ट रोजीच, काठी कालू ओघड निर्णयानंतर बरोबर ६१ वर्षांनी, अंमलात आला. १९२० च्या कैदी ओळख अधिनियमाची जागा त्याने घेतली. बोटांचे, तळव्यांचे, पावलांचे ठसे, छायाचित्रे, डोळ्यातील बाहुली व पडदा ह्यांची प्रतिमा, जैविक नमुने, सही आणि हस्ताक्षर हे सारे त्याने ‘मापे’ ह्या एका शब्दाखाली आणले. नोंदी राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राकडे ७५ वर्षे राहावयाच्या. ह्या अधिनियमावर झालेली टीका बहुतेक खाजगीपणाच्या अंगाने झाली, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयानंतर ते साहजिकही होते. आमचा आक्षेप वेगळा आहे. हा कायदा मापे घेण्याविषयी आणि जपण्याविषयी विस्ताराने बोलतो. ती ताडून पाहण्याच्या विश्वसनीयतेविषयी त्यात काही नाही. त्याच महिन्यात ‘नाफिस’ ही राष्ट्रव्यापी ठसेशोध प्रणाली सुरू झाली. साठा वाढला. माद्रिदच्या प्रकरणाचा धडा हाच की साठा वाढला की जवळचा परका सापडण्याचा संभव वाढतो, आणि म्हणून तज्ज्ञावरील प्रश्नही वाढावयास हवेत.

प्रश्न विचारण्याची सोय मात्र कमी झालेली आहे, आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून सहसा सुटते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २९३ व्या कलमानुसार अंगुलीमुद्रा केंद्राच्या संचालकाचा अहवाल त्यास साक्षीस न बोलाविताही पुराव्यात वाचता येत असे; न्यायालयास ‘योग्य वाटल्यास’ त्याला पाचारण करता येई. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ व्या कलमाने ही व्यवस्था चालू ठेवली आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी साहाय्याच्या वकिलावर अवलंबून असलेल्या आरोपीच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, त्याच्याविरुद्ध खरे जो बोलला त्याचे तोंडही त्याने पाहिलेले नसते. १९६१ च्या बहुमताने बोटाला मुके ठरविले, १९७९ च्या विधानाने तुलनेला निर्दोष ठरविले, आणि ह्या कलमाने तुलना करणाऱ्यास गैरहजर राहण्याची मुभा दिली. तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे समर्थनीय वाटतात; एकत्र आल्या की उलटतपासणीस कोणी उरतच नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत हा दोष अधिक उघडा पडतो. बोटाचा ठसा घेण्यास निदान त्या मनुष्यास समोर आणावे लागते. चेहरा रस्त्यावरील कॅमेरा न विचारता घेतो. त्यामुळे ‘सक्ती’ ह्या शब्दाभोवती उभारलेला १९६१ चा सारा युक्तिवाद येथे निरुपयोगी होतो, आणि केवळ तुलनाच शिल्लक राहते. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत अनेक प्रणाली आशियाई व आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गौरवर्णीयांच्या तुलनेत दहापासून शंभरपट अधिक वेळा परक्याला ‘तोच’ ठरवितात, असे आढळले. डेट्रॉइट येथे २०२० च्या जानेवारीत एका कृष्णवर्णीय गृहस्थास अशाच चुकीमुळे त्याच्या घरासमोर अटक झाली. २०२४ च्या तडजोडीने तेथील पोलिसांस केवळ यंत्राच्या निकालावरून अटक करण्यास मनाई झाली. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात ८० टक्के साम्यास ‘जुळले’ मानीत असल्याचे सांगितले. हे ८० कोठून आले, ७९ का नव्हे, हे कोणत्याही कायद्यात वा नियमात लिहिलेले नाही. दुकानातील यंत्रात जशी रेषा आखलेली असते तशीच ही रेषा, फक्त येथे ती आखण्याचा अधिकार तपास करणाऱ्यानेच घेतला आहे.

ब्रिटनमधील अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दक्षिण वेल्सच्या पोलिसांविरुद्ध दिलेला निर्णय ह्या संदर्भात आपल्या अभ्यासक्रमात असावा. पोलिसांनी वापरलेली प्रणाली पक्षपाती आहे असे तेथे सिद्ध झाले नव्हते. ती तशी नाही ह्याची खात्री करून घेण्याचे कर्तव्य पोलिसांनी पाळले नाही, हा दोष न्यायालयाने काढला, आणि प्रणाली बनविणाऱ्या कंपनीने व्यापारी गुपित म्हणून माहिती दिली नाही ही सबब ऐकून घेतली नाही. म्हणजे सिद्धतेचा भार यंत्र वापरणाऱ्यावर ठेवला.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमाखाली तज्ज्ञाचे मत हे अजूनही मतच आहे, निर्णय नव्हे. आणि मतामागील कारणे विचारण्यास कोणताही जुना निवाडा आड येत नाही. यंत्राने किती उमेदवार काढले, आपल्या आरोपीचा क्रम त्यांत कितवा होता, दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचा निष्कर्ष न पाहता तुलना केली होती काय, केंद्रातील तज्ज्ञांची चाचणी घेतली असता ते किती वेळा चुकले, हे चार प्रश्न मालेगावच्या किंवा मंगरूळपीरच्या न्यायालयात एखाद्या तरुण वकिलाने ३२९ व्या कलमाखाली अर्ज करून विचारले, तर न्या. दासगुप्ता जेथे थांबले तेथून पुढचे पाऊल पडेल. अर्ज फेटाळला गेला तरी फेटाळण्याची कारणे लिहावी लागतील, आणि अपिलात ती वाचली जातील.